कॅमेऱ्याचं पंचांग : हौशी छायाचित्रकाराची वर्षभराची भटकंती

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय निसर्गाची आणि रोजच्या जगण्याची छायाचित्रं हा आहे, पण मी पडद्यावर फोटो दाखवणार नाही. फोटो लावले की माणसं फोटो बघतात आणि बोलणारा मागं पडतो. मला आज बोलायचंय ते फोटो काढायला जाण्याबद्दल. कधी जायचं, कुठं उभं राहायचं, काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. रविवार आणि सुट्ट्या एवढाच माझा छायाचित्रणाचा काळ. त्यामुळे जे सांगणार आहे ते पूर्णपणे हौशी माणसाच्या बाजूनं.

हौशी म्हणजे कोण?

‘हौशी’ हा शब्द आपण थोडा खाली बघून वापरतो. हौशी नाटक, हौशी गायक, म्हणजे जेमतेम. पण आपल्याकडच्या छायाचित्रणाची सुरुवातच हौशी लोकांनी केली. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली आणि त्यानंतर अवघ्या १५ वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात अधिकारी होते, डॉक्टर होते. भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत आहेत. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर. ते या सोसायटीत होते आणि स्वतः छायाचित्रं काढत. पोटाचा धंदा वेगळा आणि जीव कॅमेऱ्यात, ही परंपरा इतकी जुनी आहे.

व्यावसायिकाकडे नसलेली एक गोष्ट हौशी माणसाकडे असते. त्याच्यावर फोटो आणून देण्याची सक्ती नसते. लग्नाचा फोटोग्राफर ‘आज उजेड बरा नव्हता, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणू शकत नाही. तुम्ही-आम्ही म्हणू शकतो. परत जाता येणं आणि रिकाम्या हातानं परतता येणं, ही आपली दौलत आहे. आजचं सगळं बोलणं या दोन गोष्टींवर उभं आहे.

उजेडाचं गणित आपल्या गावचं

छायाचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांत ‘गोल्डन अवर’ येतो. सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तास. त्या वेळी सूर्य क्षितिजाजवळ असतो, किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं, निळा रंग वाटेत विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा जास्त पोचतो. इथपर्यंत सगळं बरोबर. पण ती पुस्तकं लिहिलेली असतात युरोप-अमेरिकेत, आणि तो ‘तास’ तिकडचा आहे.

आपण आहोत सतरा-अठरा अक्षांशावर. आपल्याकडे सूर्य तिरका सरकत नाही, सरळ वर चढतो. मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना साताऱ्यात सकाळी सूर्य तासाला साधारण १४ अंश चढतो, लंडनमध्ये ९ अंशांच्या आसपास. म्हणजे क्षितिजापासून ६ अंश वर यायला लंडनला जवळपास ४० मिनिटं लागतात, तर आपल्याकडे २५. तेव्हा पुस्तक वाचून ‘अजून तास आहे’ म्हणून चहा प्यायला बसलात, तर चहा होईल, फोटो नाही. उजाडण्याच्या आधी, अंधारातच जागेवर पोचायचं. अजिंक्यताऱ्यावर सूर्योदय घ्यायचा असेल तर सूर्योदयाच्या वेळी पायथ्याशी असून चालत नाही. साधी गोष्ट आहे, पण निम्मे फोटो इथंच हुकतात.

दुसरं गणित कॅमेऱ्याच्या डोळ्याचं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्राला वस्तू ओळखता येत नाही. समोर जे आहे ते मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो. आता आपल्याकडचं रोजचं दृश्य घ्या : काळीभोर म्हैस आणि तिच्या पाठीवर गायबगळा. चौकट म्हशीनं भरली की कॅमेरा म्हणतो, ‘फार अंधार आहे’, आणि उजेड वाढवतो. म्हैस राखाडी होते आणि बगळ्याची पिसं जळतात, नुसता पांढरा डाग उरतो. उलट फक्त बगळ्यानं चौकट भरली, तर तो म्हणतो, ‘फार उजेड आहे’, आणि बगळा मळकट करतो. म्हणून पहिल्या वेळी एक्स्पोजर एक-दोन पायऱ्या कमी करायचं, दुसऱ्या वेळी तेवढंच वाढवायचं. दोघं एकत्र असतील तर बगळ्याला सांभाळायचं. सावलीतला तपशील नंतर संगणकावर थोडाफार वर काढता येतो, विशेषतः ‘रॉ’ फाइल असेल तर. जळालेलं पीस मात्र कुणालाच परत आणता येत नाही. मोबाइलवर काढत असाल तरी हेच. पडद्यावर बगळ्यावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

एवढं शास्त्र पुरे. आता वर्षाकडे वळू. आपलं वर्ष चैत्रात सुरू होतं, छायाचित्रकाराचं मात्र पावसाच्या तोंडावर.

मृगाच्या आधी : काजवे

मे महिन्याची अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा. वळवाच्या सरी झालेल्या असतात, खरा पाऊस यायचा असतो. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. हल्ली शनिवार-रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते, आणि त्याला आम्ही फोटो काढणारे बऱ्याच अंशी कारण आहोत. ते कसं, सांगतो.

काजव्यांचा फोटो घेताना कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवतात, शटर २०-३० सेकंद उघडं ठेवतात आणि असे अनेक फोटो काढून ते संगणकावर एकावर एक चढवतात. त्यामुळे तुम्ही बघता त्या फोटोत कधी दहा, कधी वीस मिनिटांची चमक एका चौकटीत गोळा झालेली असते. तंत्र म्हणून त्यात गैर काही नाही. पण तो फोटो बघून माणूस येतो आणि त्याला तसं दिसत नाही, कारण तसं कुठल्याच एका क्षणी नसतंच. मग तो आणखी आत शिरतो, टॉर्च मारतो, झाड हलवतो. म्हणून असा फोटो लोकांपुढं ठेवताना ‘इतक्या मिनिटांचे इतके फोटो जोडले आहेत’ असं खाली लिहावं. एक ओळ लागते. तिनं फोटोची किंमत कमी होत नाही, उलट बघणाऱ्याची फसगत टळते.

आणि टॉर्चचं काय? काजवा आपल्यासाठी चमकत नाही. नर चमकून खूण करतो, मादी चमकून उत्तर देते. ही त्यांची बोलाचाली. तिच्यात गाडीचे दिवे, फ्लॅश, मोबाइलचा टॉर्च आले की खूण पोचत नाही. पूर्ण वाढलेल्या काजव्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं असतं. त्यातली एक रात्र आपण खाल्ली तर त्याला ती पुन्हा मिळत नाही. अळ्या जमिनीत, पालापाचोळ्यात असतात, आणि बऱ्याच जातींच्या माद्याही खालीच बसतात. वाट सोडून झाडाखाली चालणारा माणूस पुढच्या वर्षाच्या काजव्यांवर पाय देत असतो. तेव्हा उजेड असेपर्यंत जागा पकडायची, फोकस तेव्हाच लावून ठेवायचा, टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावायचा आणि रात्रभर त्या जागेवरून हलायचं नाही.

पावसाळा : ढगांचा पडदा

पाऊस लागला की निम्मे लोक कॅमेरा कपाटात ठेवतात. कपाटात ठेवल्यानंच तो बिघडतो. दमट हवा आणि अंधार मिळाला की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. लोणच्याच्या बरणीसारखा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्यांचा रंग पालटला की तापवून पुन्हा वापरा. आणि अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरा, हा सगळ्यात मोठा उपाय. आणखी एक. एसी लावलेल्या गाडीतून घाटात उतरून लगेच कॅमेरा काढला तर गार काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी धरतं. आपण पुसतो, ते परत धरतं. उतरायच्या आधी थोडा वेळ एसी बंद करून काचा खाली कराव्यात.

ढगाळ दिवसाला लोक ‘खराब उजेड’ म्हणतात. आकाशभर ताणलेला ढग म्हणजे फुकट मिळालेला पांढरा पडदा आहे. सावल्या विरघळतात, हिरव्याच्या दहा छटा दिसतात. शेवाळ, दगडफूल, कौलांवरून ओघळणारी पागोळी, खाचरात भातलावणी करणाऱ्या बायकांची इरली, हे सगळं या उजेडाचं आहे. आकाश मात्र चौकटीत कमी घ्या, ते नुसतं पांढरं येतं. धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणि कॅमेरा ट्रायपॉडवर. आणि हे सगळं काठावरून. निसरड्या खडकावर मागे मागे सरकत फोटो घेऊ नये. वर पाऊस वाढला की खालचा ओढा काही मिनिटांत चढतो, तेव्हा पाण्याच्या मधोमध उभं राहायचं नाही.

भाद्रपद : कासचा सडा

साताऱ्यात उभं राहून कासबद्दल बोलायचं म्हणजे काशीत गंगेचं वर्णन. तरी बोलतो, कारण फोटोंमुळे सगळ्यात जास्त गर्दी ओढवलेली जागा ती आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत कासचा समावेश झाला.

सडा म्हणजे काय? खाली जांभा खडक, वर काही ठिकाणी जेमतेम बोटभर माती. पावसात चिखल, उन्हाळ्यात तापलेला तवा. मोठी झाडं तिथं मूळ धरू शकत नाहीत, म्हणून ती जागा लहानग्यांना मिळाली. तेरडा, सोनकी, कवला, गेंद, डबक्यांत वायतुरा. मातीत नत्र कमी, तेव्हा काहींनी किडे खायची सोय केली. दवबिंदू चिकट केसांनी किडा धरतो. ‘सीतेची आसवे’ हे नाव किती नाजूक, पण त्या झाडाच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत ते सूक्ष्म जीव ओढून घेतं. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते.

आता हिशेब बघा. तेरड्यासारखं झाड एकाच पावसाळ्याचं असतं. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. बी धरण्याआधी ते चिरडलं गेलं तर त्याचं पुढच्या वर्षी काहीच उरत नाही. फुलांच्या मधोमध आडवं पडून घेतलेल्या एका फोटोची किंमत म्हणजे माणसाच्या अंगाएवढा मोकळा तुकडा. तो फोटो बघून दुसरा त्याच तुकड्यावर पडतो, तिसरा पाऊलवाट करतो.

पण पायवाटेवरून चांगला फोटो येत नाही, हा गैरसमज आहे. वाटेवरच गुडघ्यावर बसा, कॅमेरा फुलांच्या पातळीला आणा आणि लांब पल्ल्याची लेन्स लावा. १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स मागचे-पुढचे थर जवळ ओढते, त्यामुळे विरळ फुलंसुद्धा गालिच्यासारखी दिसतात. एकच फूल हवं असेल तर वाटेच्या कडेला असतंच, ते शोधायला वेळ द्यावा लागतो एवढंच. आणि धुकं आलं तर पळू नका. धुकं मागचा पसारा पुसून टाकतं, फूल एकटं उरतं.

पौष-माघ : गुऱ्हाळ आणि माणसं

थंडी पडली, ऊस तुटायला लागला की मी फुलं-पाखरं सोडून गुऱ्हाळाकडे वळतो. कराड-कोल्हापूरच्या पट्ट्यात अजून गुऱ्हाळं आहेत. पहाटे चुलवाणात चिपाडं पेटलेली, वर काहिलीत रस उकळतोय, मळी काढणं चाललंय, वाफेनं छप्पर भरलंय. आडव्या उन्हाची तिरीप दारातून आत आली की वाफ उजळते. उजेड वाफेच्या मागून यायला हवा, आपल्या पाठीमागून आला तर वाफ सपाट दिसते. तेव्हा दारासमोर, आतल्या अंगाला उभं राहायचं. पण काहिलीपासून लांब, आणि काम करणाऱ्यांच्या वाटेत नाही. गुळव्याचं सगळं लक्ष रसावर असतं. पाक तयार झाला हे तो फेसावरून, वासावरून ठरवतो. त्या क्षणी ‘काका, इकडं बघा’ म्हणायचं नाही. तो बघेल, आणि गुळाची ढेप बिघडेल.

इथं माणसांच्या फोटोचा मुद्दा येतो. फुलाची परवानगी घेता येत नाही, माणसाची येते. ‘काका, फोटो घेऊ का?’ हे चार शब्द आहेत. आधी विचारलं तर माणूस सावध होतो, चेहरा घट्ट होतो, अशी तक्रार असते. होतो खरा. पण तासभर बसलात, रस प्यालात, यंदा उसाला काय भाव मिळाला याची चौकशी केलीत, की तो तुम्हाला विसरतो. नाही म्हणाला, तर कॅमेरा खाली. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, उघडी मुलं, रडणारी माणसं यांच्या बाबतीत तर लांबून लेन्स लावून ‘नैसर्गिक’ फोटो घेण्याचा प्रकार मला चोरीसारखाच वाटतो.

आणि फोटो घेतला तर फोटो द्यायचा. मोबाइलवर नव्हे, कागदावर. पोस्टकार्डाच्या आकाराच्या प्रिंटला चहा-वड्याएवढे पैसे पडतात. एका गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणाऱ्या आजोबांचा फोटो मी असाच नेऊन दिला होता. पुढच्या हंगामात गेलो तर तोच फोटो घरात भिंतीवर होता आणि त्याला हार घातलेला होता. त्यांच्या सुनेनं सांगितलं, मामंजींचा दुसरा फोटोच नव्हता घरात. मतदान ओळखपत्रावरचा होता, पण त्यात ओळखू येत नव्हते. मित्रहो, माझ्या ज्या फोटोंचं प्रदर्शनांत कौतुक झालं त्यांतला एकही इतका कामाचा नाही.

उजनीचं पाणी

हिवाळ्यातली दुसरी जागा भिगवण. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. भीमेच्या फुगवट्याचं पाणी पसरत गेलं, आणि ते उतरताना जो उथळ चिखल उघडा पडतो त्यात रोहित पक्षी येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी डोक्याचे हंस येतात. कुंभारगावची मच्छीमार मंडळी होडीतून नेतात, पक्षी ओळखून दाखवतात.

इथं सगळ्यांना हवा असतो उडत्या रोहितांचा फोटो, पंखांखालचा गुलाबी-काळा रंग दिसणारा. आणि तो मिळवायचा सोपा उपाय म्हणजे होडी थव्यात घालणं. रोहित जड पक्षी आहे, उडण्याआधी त्याला पाण्यावर धावावं लागतं. दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उठवलं तर खाण्यात जायचा वेळ आणि शक्ती धावण्यात जाते. नावाड्याला दोष देऊ नका. गिऱ्हाईक मागतं ते तो देतो. आपणच निघण्याआधी सांगायचं, ‘दादा, लांबच इंजिन बंद करा, वल्ह्यानं जाऊ, पक्षी उठवायचे नाहीत. पैसे ठरलेत तेवढेच देतो.’ अंतर किती ठेवायचं हे पक्षीच सांगतो. खाणं थांबवून माना वर झाल्या, सगळे एकाच दिशेला चालायला लागले, की आपण फार जवळ आलो. तिथंच थांबा. हललाच नाहीत तर कधी कधी ते स्वतःच जवळ येतात. नाही आले, तर हंस, बगळे आणि पाण्यावरचा उजेड आहेच.

त्याच जलाशयात पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ बुडालेलं आहे. पाणी खूप उतरलं की शिखर आणि मग देऊळ उघडं पडतं. ज्या वर्षी ते उघडं पडतं त्या वर्षी तिथं जाऊन एक फोटो काढावा, एकाच जागेवरून, तारखेसह. दोन-चार वर्षांचे असे फोटो शेजारी ठेवले की पाण्याचा ताळेबंद डोळ्यांसमोर येतो. गाव कुठं होतं आणि आता काय आहे, हेही त्यात दिसतं.

उन्हाळा : घराजवळ

फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पानं नसतात, त्यामुळे फुलांवर येणारी पाखरं मोकळी दिसतात. झाडापासून दूर एक जागा धरून बसायचं, मैना, बुलबुल, सूर्यपक्षी पाळीपाळीनं हजेरी लावतात. पुढं ऊन चढतं, हवेत धूळ, लांबचे डोंगर पुसट. मे महिन्यात तर सूर्य एक दिवस बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. हा काळ लांब जायचा नाही. हा घराजवळच्या बारीकसारीक गोष्टींचा : जुन्या वाड्याची कडी-कोयंडा, उंबरठ्याची झीज, पाटा-वरवंटा, संगम माहुलीच्या घाटावरच्या दगडांचे सांधे, कल्हईवाल्याचा भाता. दुपारी या वस्तूंच्या सावल्या धारदार पडतात. नक्षी, झीज, घडवणाऱ्या छिन्नीची खूण, सगळं बोलतं.

हाच काळ अनेक पक्ष्यांच्या विणीचा, आणि पाऊस सुरू झाल्यावरही ती चालू राहते. घरट्याचे फोटो काढायचे नाहीत, एवढं सरळ सांगतो. नीट दिसावं म्हणून समोरची डहाळी बाजूला केली की पिलांवर ऊन येतं आणि ती शिक्र्याला, कावळ्याला दिसू लागतात. आपण उभे असेपर्यंत आई चारा घेऊन लांब बसून राहते. आणि कावळा फार हुशार, माणसं कुठं टक लावून बघताहेत हे तो बघत असतो. हा नुसता सद्विचार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही त्या व्याख्येत येतं. बंदूक असो की कॅमेरा, कायदा परिणाम बघतो.

शेवटचा मुद्दा. वर्षभरासाठी घराजवळचं एक झाड निवडा. दर रविवारी, एकाच जागेवरून, एकच फोटो. पालवी कधी आली, मोहोर कधी, पान कधी गळलं. ५२ फोटो होतील. त्यांतला एकही कदाचित स्पर्धेत जाणार नाही. पण झाडांच्या ऋतुचक्राच्या अशा नोंदी देशभरातून गोळा करण्याचं काम ‘सीझनवॉच’सारखे उपक्रम करतात. तुमच्या आंब्याची नोंद त्यात बसते. ऋतू सरकताहेत असं आपण पारावर बसून म्हणतो. म्हणण्यापेक्षा तारीख असलेला फोटो बरा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*महागडा कॅमेरा नसेल तर सुरुवात कशी करावी?*

हातातल्या मोबाइलनं. लांबचे पक्षी सोडले तर आज सांगितलेलं बहुतेक सगळं मोबाइलवर होतं. सहा महिने एकाच मोबाइलवर काढा, त्यात काय जमत नाही याची यादी करा. मग त्या यादीप्रमाणे कॅमेरा घ्या. दुकानदाराच्या यादीप्रमाणे घेऊ नका. जुन्या बाजारातली चांगली लेन्स घेताना काचेतून दिवा धरून बुरशी तेवढी तपासा.

*दुर्मीळ फूल किंवा पक्षी सापडला तर जागा सांगावी की नाही?*

अभ्यासकाला सांगावी, सगळ्या जगाला नाही. दुर्मीळ फुलाची जागा कळली की फोटोवाल्यांच्या मागून उपटून नेणारेही येतात. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, तो फोटो तसाच पुढं पाठवला की पत्ता त्याच्यासोबत जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या नोंदीच्या जागी धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण लपवण्याची सोय असते. तिथं नोंद करा, म्हणजे माहिती वायाही जात नाही आणि वाटही दाखवली जात नाही.

*हजारो फोटो साठतात. त्यांचं काय करायचं?*

महिन्याच्या शेवटी बसायचं आणि पुसायचं. महिन्याला दहा ठेवा. वर्षाचे १२० झाले, खूप झाले. प्रत्येकाला तारीख, गाव आणि वस्तूचं किंवा झाडाचं स्थानिक नाव लिहा. गावातली म्हातारी माणसं जे नाव सांगतात तेच. मारुती चितमपल्लींनी लोकांच्या तोंडची पाखरांची नावं आयुष्यभर जमवली, म्हणून ती आपल्याला मिळाली. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा, एक घरात, एक घराबाहेर. आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांच्याकडे एक तिसरी प्रत जाऊ द्या. ती सगळ्यात जास्त टिकते.